खणायचं नाही

१० जानेवारी

सूनबाई,

तुझ्या तिथे फोन लागत नाही हे मला माहीत आहे, आणि लागला असता तरी माझं नाव बघून तू तो उचलला नसतास हेही माहीत आहे. म्हणून पत्र. तुझ्या त्या जंगलातल्या संशोधन केंद्राचा पत्ता तुझ्या नवऱ्याकडून काढून घेतला. आठवड्यातून एकदा सामानाची जीप येते, तिच्यातच टपाल येतं म्हणे. म्हणजे माझं बोलणं तुला आठवडाभर शिळं होऊन मिळणार. बरंच आहे. ताजं ऐकून तुझं काही भलं झालेलं नाही.

आधी पेट्यांची खबर. तिन्ही काचेच्या पेट्या तुझ्या टेबलावर जागच्या जागी आहेत, उन्हापासून लांब. मोठ्या पेटीतली हजारपायी वाण्यांची जोडी मजेत आहे. काल काकडीचे काप ठेवले होते, आज सकाळी नुसती सालीची कड उरली होती. दुसऱ्या पेटीत सुकी पानं आहेत. आणि मालगाडीच्या, तुझ्या त्या मेलेल्या लांबलचक मादीच्या, पेटीत नुसती माती आहे. ती फेकून द्या असं तू जाताना सांगून गेली होतीस. मी फेकलेली नाही. रोज तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारते. का, ते विचारू नकोस.

माझा लेक सांगत होता की तू त्याला चिठ्ठी पाठवली आहेस. पेट्या, वाणी, सगळं शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना देऊन टाक, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी त्या न्यायला येतील, आणि खाली एक ओळ, ‘माझ्या हाताखाली काही जगत नाही.’ त्याने ती चिठ्ठी मला दाखवली आणि पुन्हा खिशात घातली. तुला माहीत आहे तो कसा आहे. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे उसवलेल्या शिवणीतून दोरा शोधायचा.

ती ओळ मी आधीही ऐकली होती. मालगाडी गेली त्या दिवशी तू पेटीसमोर उभी राहून हेच म्हणालीस. मी दारात होते. आणि मी काय म्हणाले, तर ‘जाऊ दे गं, किडाच होता.’ त्या वाक्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस आणि पंधरा दिवसांत ही जंगलातली नोकरी धरलीस. सहा महिन्यांची म्हणालीस, पण बॅग बघून ती सहा महिन्यांची वाटत नव्हती.

ते वाक्य मी बोलायला नको होतं. हे मी लिहून देते, म्हणजे पुढेमागे नाकबूल करायला नको.

बाकी, तुझी निळी वही टेबलाच्या खणात सापडली. न विचारता वाचते आहे. पेट्या सांभाळायच्या तर काहीतरी वाचायला हवं ना. पहिल्याच पानावर तू माझीच गंमत लिहून ठेवली आहेस, की आई ह्यांना गोमी म्हणतात. म्हणत होते खरी. गोम चावते, पळते, तिच्या एका कड्याला पायांची एकच जोडी. वाणी चावत नाही, सावकाश जातो, आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक कड्याला दोन जोड्या. आता पाठ झालं.

काल दुपारी शिलाईचं मशीन बंद करून अर्धा तास त्या जोडीतल्या मोठ्या वाण्याकडे बघत बसले. चाळीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं केली मी, लाखो शर्टांची. एकसारखं म्हणजे काय ते मला कळतं. पण असं एकसारखं मी पाहिलं नव्हतं. पाय हलताना दिसतच नाहीत. मागून पुढे एक लाट जाते, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, आणि कुठे एक पाय दुसऱ्यात अडकत नाही. मला दोनच आहेत तरी मी उंबऱ्याला ठेचकाळते. ही घरात चार वर्षं आहेत आणि मी त्यांच्याकडे नाक मुरडण्यापलीकडे कधी पाहिलं नाही, ह्याची मला काल लाज वाटली.

जेवत जा वेळेवर.

तुझी सासू


२४ जानेवारी

सूनबाई,

उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी जीपच्या दिवसाचा हिशोब माझ्या डोक्यात चालूच असतो.

शास्त्राच्या बाई येऊन पेट्या बघून गेल्या. म्हणाल्या, ‘न्यायच्या आधी नीट शिकून घेते, नाहीतर मुलं मला प्रश्न विचारून वेडं करतील.’ मी म्हटलं, मला जे येतं ते वहीतलं आहे. तर त्या म्हणाल्या, वहीतलंच सांगा. मग मीच मास्तरीण झाले. तुला हसू येईल, येऊ दे.

नर कोणता आणि मादी कोणती ते दाखवलं. वाणी तळहातावर घेऊन थांबायचं, तो गुंडाळी सोडून चालू लागला की काचेवर चढू द्यायचा आणि काचेच्या मागून पोट बघायचं. डोक्यापासून सातव्या कड्यापाशी पायांच्या रांगेत फट दिसली तर नर. तिथे त्याचे चालायचे पाय नसतात, त्यांचं वेगळं अवजार झालेलं असतं. फट नसेल तर मादी. बाईंना तीन वेळा दाखवावं लागलं. मला पहिल्यांदाच दिसली होती. चुकलेलं काज मला लांबून दिसतं, त्यातलंच हे.

माती कशी असावी तेही दाखवलं. मुठीत दाबली तर गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. जाडी निदान वाण्याच्या लांबीइतकी. निम्म्याहून जास्त कुजलेली पानं आणि भुसभुशीत झालेलं लाकूड, कारण माती हे त्याचं घर आहे तसंच जेवणही आहे. अंड्याच्या टरफलांची पूड घालायची, कारण एवढं चिलखत काही हवेतून येत नाही. एक गोष्ट मात्र तुझ्या वहीत नाही. टरफलं मिक्सरमध्ये वाटली तर मिक्सरला आठवडाभर वास येतो. ती ओळ मी खाली पेन्सिलने लिहून ठेवली आहे.

लाकडासाठी बागेत गेले होते. माळ्याला म्हटलं, कुजकं लाकूड हवंय. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘आजी, जळणाला कुजकं चालत नाही.’ मी म्हटलं, जळणाला नको, खायला हवंय. त्यावर त्याने घाईघाईने पिशवी भरून दिली आणि फाटकापर्यंत सोडायला आला. चिकाच्या, उग्र वासाच्या झाडाचं घेतलं नाही, काळजी करू नकोस. घरी आणून उकळत्या पाण्यातून काढलं, आणि पानंही.

त्या भानगडीत नराला मी जरा घाईने उचललं. त्याने गुंडाळी करून माझ्या बोटांवर ते पिवळं पाणी सोडलं. धुतलं, पण तोवर मी कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टाची कॉलर हातात घेतली होती. आता ती कॉलर बदलून द्यावी लागणार. बोटं चार दिवस तपकिरी राहिली. कारखान्यात असते तर मुकादमाने विडी ओढते म्हणून घरी पाठवलं असतं.

बाई मालगाडीच्या पेटीजवळही उभ्या राहिल्या. ती कशी गेली ते त्यांना तुझ्याकडून कळलं होतं. म्हणाल्या, ‘सुनेला सांगा, मनाला लावून घेऊ नका. कात टाकताना ओल जास्त झाली की ते मातीतून वर येतात आणि जातात. भल्याभल्यांच्या हातून होतं.’ मी चहा गाळत होते. मी गाळत राहिले.

तुझ्या वहीचं अकरावं पान आज वाचलं. ‘कात टाकायची वेळ झाली की वाणी मातीत खाली जातो, स्वतःभोवती मातीची खोली करतो आणि आतून बंद करतो. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त. वर दिसला नाही म्हणून मेला असं समजू नये. खणायचं नाही.’ शेवटच्या दोन शब्दांखाली तू तीन रेघा ओढल्या आहेस. कागद फाटायचा राहिला आहे.

हे पान मी आधी वाचायला हवं होतं.

इथे थंडी कमी झाली आहे. तुझ्या नवऱ्याला खोकला होता, तोही गेला.

तुझी सासू


६ फेब्रुवारी

सूनबाई,

बसली असशील तर ठीक, नसशील तर बस.

आज सकाळी साडेनऊला मालगाडीच्या पेटीवर फवारा मारत होते. कोपऱ्यातलं एक पान उलटं पडलं होतं, ते सरळ करायला उचललं. खाली पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे. मला वाटलं माझ्याच अंगावरून पडले असतील, माझ्या अंगावर दोरे नसतील असा दिवस नाही. मी ते वेचायला चिमटा घेतला, आणि दोऱ्याच्या एका तुकड्याने गुंडाळी केली.

मी चिमटा टाकून दिला. सुई ओवायचं भिंग घेऊन आले आणि टेबलाशी गुडघे टेकून बसले, ह्या गुडघ्यांनी, आणि पाऊण तास उठले नाही.

वाणी आहेत गं. पिल्लं. तांदळाच्या दाण्याएवढी, काही त्याहून लहान. पांढरी, इतकी पांढरी की आत खाल्लेली माती काळ्या रेघेसारखी दिसते. एकाच्या मिशा सतत हलत होत्या, समोरच्या पानाचा प्रत्येक कण तपासत होत्या. एवढासा जीव, आणि एवढी चौकशी.

मग वही काढली. तू लिहिलं आहेस की हा हजार पायांचा म्हणवणारा प्राणी अंड्यातून निघतो तेव्हा त्याला पायांच्या तीनच जोड्या असतात. सहा पाय. मुंगीइतके. बाकीचे तो एकेका कातीला मिळवतो. मी सर्वांत लहान पिल्लू शोधून त्याचे पाय मोजले. तीनदा मोजले. सात जोड्या. म्हणजे एक कात झाली आहे. आणि शेपटीकडची शेवटची काही कडी बिनपायांची, कोरी. पुढच्या कातीला तिथे पाय फुटणार आणि त्यांच्या मागे नवी कोरी कडी येणार. आम्ही शर्टाच्या पट्टीवर काजांच्या खुणा आधी खडूने करून ठेवायचो, कापायचं नंतर. ह्याच्या अंगावर पुढच्या खेपेची खूण आधीच केलेली असते. कोण करतं ते मला माहीत नाही. मी देवाधर्माची बाई नाही, पण आज मी भिंग खाली ठेवून हात जोडले.

तेवीस मोजली. वरवर दिसली तेवढीच. माती उकरली नाही. एक बोटही घातलं नाही.

ही मालगाडीचीच. दुसरी कोणाची असणार? त्या पेटीत ती एकटीच होती, आणि मे महिन्यात तू तिला आठ दिवस नराबरोबर ठेवलं होतंस. तुझ्या वहीत १४ जुलैला नोंद आहे, ‘मालगाडी दोन दिवस कोपऱ्यात मातीत बसून. अंडी?’ पुढे प्रश्नचिन्ह. दोन ऑगस्टला ती खाली गेली, कात टाकायला. त्या आधीच तिने एकेक अंडं चावलेल्या मातीच्या गोळीत बंद करून ठेवलं होतं. धण्याएवढ्या गोळ्या. दोन फुटलेल्या मला मातीवर दिसल्या, आतून गुळगुळीत, कोणी बोटाने लिंपल्यासारख्या. तिला ना बोटं, ना पुरती नजर. अंधारात, मातीच्या पोटात बसून तिने हे एकेक बनवलं असेल. मी आयुष्यभर हाताने काम केलं, आणि मला विचारलं तर ह्या गोळीपुढे माझं एकही काज उभं राहणार नाही.

तुझ्या प्रश्नचिन्हाचं उत्तर तेवीस आहे, निदान.

आणि एक नीट वाच. ती माती तू कालवलीस. ती ओल तू ठरवलीस. अंडी टिकली ती तुझ्या मातीत. मी नुसता फवारा मारला. तुझ्या हाताखाली काही जगत नाही हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला

इथे मी तीन ओळी लिहून खोडल्या आहेत. उजेडासमोर धरून वाचायला जाऊ नकोस, चांगल्या गिरवल्या आहेत.

तुझी सासू


११ फेब्रुवारी

सूनबाई,

मागचं पत्र तुझ्या हाती पडायच्या आधीच हे लिहिते आहे. दोन्ही एकाच जीपने आली तर आधी हे वाच.

मालगाडीला मी मारलं.

तू दवाखान्यात होतीस त्याचा तो तिसरा दिवस होता, सप्टेंबरातला मंगळवार. बाळ गेलं होतं. तुला आणखी तीन दिवस ठेवणार होते. माझा लेक तुझ्यापाशी होता आणि मी घरी एकटी, आणि मला बसवत नव्हतं. मी सगळं घर धुऊन काढलं. पडदे धुतले. मग तुझ्या टेबलाशी आले. त्या पेटीत जवळजवळ दोन महिने कोणी दिसलं नव्हतं. मला वाटलं, तो किडा केव्हाच मेला असणार, आत कुजत असणार. पोर घरी येईल, आधीच रिकामी होऊन येईल, आणि तिला पेटीत आणखी एक मेलेलं सापडेल. ते मला नको होतं. मी ठरवलं की माती काढून टाकू, नवी भरू, आणि ती विचारील तेव्हा काहीतरी सांगू. हे मी चांगल्या मनानेच करत होते. चांगल्या मनाने केलं म्हणून ते कमी होत नाही, पण तुला खरं सांगायचं तर तेही सांगायला हवं.

मोठा चमचा घेतला आणि खणलं.

चार बोटं खाली गेल्यावर माती एकदम पोकळ लागली. खोली होती ती. आतून लिंपलेली, गोल, आणि तिच्यात मालगाडी. काळी नव्हती. पांढरी होती गं. मेणासारखी पांढरी, मऊ, आणि पाय काचेसारखे, आरपार दिसणारे, शेकडो. तिची जुनी काळी कात शेजारी नीट पडली होती, रिकाम्या बाहीसारखी. ती नव्याने होत होती. तिने स्वतःचं सगळं पुन्हा केलं होतं, प्रत्येक नख, प्रत्येक सांधा. तोवरच्या माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. तुझ्या नवऱ्याचं पहिलं रडणं मी ऐकलं आहे, तरी म्हणते.

आणि माझ्या चमच्याची कड तिच्या अंगात गेली होती.

ती जिवंत होती. पाय हलत होते. लाट निघायची आणि चमचा लागला होता तिथे येऊन थांबायची. पुन्हा निघायची, पुन्हा थांबायची. मी खोली बंद करायला गेले तर माती ढासळली. मग मी तिला वर ठेवलं, पानाखाली, आणि उरलेली माती होती तशी परत ढकलली. गुरुवारी ती गेली. शुक्रवारी तू घरी आलीस.

तू पान उचललंस, बघितलंस आणि म्हणालीस, ‘मी ओल जास्त ठेवली. म्हणून वर आली. माझ्या हाताखाली काही जगत नाही.’ मी तुझ्यासाठी चहा घेऊन दारात उभी होते. त्या एका क्षणात मला सगळं सांगता आलं असतं. मला कळत होतं तू नुसतं वाण्याबद्दल बोलत नाहीस. मी मूग गिळून बसले आणि वर म्हणाले, किडाच होता. तुला वाटलं माझं काळीज दगडाचं आहे. मी तुला तसं वाटू दिलं, कारण खरं त्याहून वाईट होतं.

जाईपर्यंतचे दोन आठवडे तू दवाखान्याच्या पायऱ्या चढत होतीस, डॉक्टर सांगत होते की ह्यात कोणाचा दोष नाही, आणि तू मान हलवून घरी येऊन त्या पेटीकडे बघायचीस. पुरावा म्हणून. तो पुरावा खोटा होता. तो मी तयार केला होता.

हे मी काल तुझ्या नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. हात धुऊन उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, ‘मला काय सांगतेस? तिला लिही.’ आज सकाळी माझ्या हातचा डबा न घेता कामावर गेला. बरोबर केलं त्याने.

मी माफी मागत नाही. म्हणजे मागते, पण तू दिली पाहिजेस असं नाही. मला एवढंच हवंय की ती ओळ तू पुसून टाकावीस. ओल बरोबर होती. माती बरोबर होती. तू काही चुकली नव्हतीस. मी चुकले, आणि मग पाच महिने रोज चुकत राहिले.

शनिवारी, अठ्ठावीसला, बाई येतील. तोवर तुझं काही आलं नाही तर तू सांगितल्याप्रमाणे तिन्ही पेट्या त्यांना देईन. पिल्लांसकट. तुझ्या शब्दाबाहेर आता मी जाणार नाही.

तुझी सासू


१९ फेब्रुवारी

आई,

दोन्ही पत्रं एकाच जीपने आली. तुम्ही म्हणालात तसं ११ तारखेचं आधी वाचलं. मग दुसरं वाचता आलं नाही. ते दोन दिवस उशीखाली होतं.

मी रागावले आहे. किती ते इथून लिहिता येणार नाही, कागद कमी आहे. सव्वीस सप्टेंबरपासून आजपर्यंत मी एका झाडाच्या कुंडीलाही पाणी घातलेलं नाही. इथे केंद्रात वाण्यांच्या अकरा पेट्या आहेत. त्यासाठीच मला बोलावलं होतं. आल्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की मला जिवंत काही देऊ नका, बाटल्यांतले मेलेले मोजायला द्या. चार महिने मी मेलेले मोजते आहे. एका खोलीपलीकडे त्या पेट्या आहेत आणि मी तिथून जाताना मान वळवून जाते, माझ्या सावलीनेही काही होईल म्हणून. हे तुमच्यामुळे. किंवा माझंच होतं आणि तुम्ही त्याला आधार दिलात. अजून कळत नाही. मला आत्ता माफ करता येत नाही, आणि करते असं लिहिलं तर तुम्हालाच ते खरं वाटणार नाही.

काल दुसरं पत्र उघडलं. गुडघे टेकून पाऊण तास बसलात, ते वाचून मी इथे एकटी हसले आणि मग बराच वेळ रडले. मालगाडीसाठी मी रडलेच नव्हते. तिच्या नावावर सगळं बाळाचंच रडून घेतलं होतं.

ती पांढरी असताना कशी दिसते, ते मी कधी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं पाळूनही नाही. कोणी पाहू शकत नाही, कारण पाहायचं तर खणावं लागतं. ते तुम्ही पाहिलंत. ह्याचाही मला राग आहे. तरी ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे, पाय काचेसारखे, आरपार दिसणारे, शेकडो.

आज सकाळी त्या खोलीत गेले. साहेबांनी फवारा हातात दिला. तिसऱ्या पेटीतली माती मुठीत घेतली. कोरडी होती. मी पाणी घातलं.

मी इतक्यात येणार नाही. तुमच्या लेकाला मी वेगळं लिहिते आहे, तुम्ही मध्ये पडू नका. पानांचा थर दोन बोटं ठेवा. वर बुरशी आली तर काढू नका, तीही खातात. जास्त झालीच तर पेटीतले पांढरे उड्या मारणारे किडे ती संपवतात, त्यांना मारू नका. टरफलांची पूड अगदी बारीक, मिक्सरचा वास सहन करा. आणि दर पत्रात मला पायांचा आकडा हवा. सर्वांत लहानाचा.

हे पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हणून परतीच्या जीपने तालुक्याला पाठवते आहे, आणि तिथून टपालाने नाही तर माणसाच्या हातून. ड्रायव्हर तुमच्या दारात येऊन देईल. बाईंना जोडी द्या, आणि पानांची पेटी द्या. मालगाडीची पेटी कोणालाही देऊ नका. शाळेला नाही, तुमच्यापाशीही कायमची नाही. तेवीस असोत की तीन.

ती माझी आहेत.